बोनस दिवाळीत, गळती आषाढात: होमलोन आधी फेडायचं की डागडुजीला पैसे राखायचे?

आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात बोनस दिवाळीच्या आठवडाभर आधी जमा होतो. मी हिशेबाच्या टेबलावर बसतो, त्यामुळे ते चार दिवस माझ्याकडे लोक येतच राहतात. प्रश्न बहुतेकांचा एकच: "एवढे हातात आलेत, लोनमध्ये टाकू काय?" त्या दिवसांत बेळगावचं आभाळ निळंशार असतं. टेरेस खडखडीत वाळलेलं असतं. जुलैत भिंतीवर उमटलेला ओलीचा डाग तर दिवाळीच्या रंगाखाली गेलेला असतो. अशा दिवशी घर अगदी ठणठणीत वाटतं आणि कर्जाचा आकडा तेवढा टोचतो.

काही वर्षांपूर्वी मीही त्याच नादात नोव्हेंबरात दीड लाख लोनमध्ये भरले. घर अनगोळात, पुढं स्लॅब, मागं परसात वडिलांच्या वेळची कौलारू खोली. जुलैत तरणा पाऊस (पुनर्वसू नक्षत्राचा) लागला आणि एका रात्री अडीचच्या सुमाराला ट्यूबलाइटच्या पट्टीतून थेंब पडायला लागले. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. अंधारात बायको पातेलं सरकवत म्हणाली, "लोनमध्ये भरलासा न्हवं, आता काढा की तिथनं." काढता येत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. शेवटी तिच्या पाटल्या सोनेतारणाला ठेवून काम केलं, तेही सप्टेंबरात. त्याआधी मेस्त्री दोनदा आला, वर बघितलं, मान हलवली आणि "उघडीप पडू दे" म्हणून गेला. ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग धरत नाही, त्याचं काही चुकलं नव्हतं.

तेव्हापासून मी जो क्रम पाळतो आणि विचारणाऱ्याला सांगतो, तो असा.

पहिली पायरी: भर पावसात वही घेऊन घर फिरा

हे काम जुलैतच करायचं. म्हातारा पाऊस (त्यानंतरच्या पुष्य नक्षत्राचा) लागला, सलग तीन दिवस झड बसली की एक शंभर पानी वही घ्या आणि खोली-खोली फिरा. कुठं ओल, कुठं थेंब, कुठं बुरशी, तारखेसह लिहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पश्चिमेची भिंत नीट बघा, आपल्याकडं झडीचा मारा तिकडूनच येतो. खिडकीच्या वरच्या छज्जाचा सांधा, पॅरापेट (टेरेसचा कठडा) जिथं स्लॅबला टेकतो ती रेघ, न्हाणीघराच्या पलीकडची भिंत आणि पाण्याच्या टाकीखालची जागा ही चार ठिकाणं चुकवू नका. माझी गळती टेरेसच्या मधोमध असेल असं मी धरून चाललो होतो. मेस्त्रीनं पॅरापेटच्या बुडाशी नखानं उकरून दाखवलं. गिलावा बोटभर सुटला होता आणि पाणी तिथून शिरून आत दहा फूट सरकून ट्यूबलाइटपाशी उतरत होतं. मी टेरेसभर नवा कोबा घालून घेतला असता, तरी गळती तशीच राहिली असती.

पावसाळ्यात जमलं नसेल तर मार्चनंतर दुसरा उपाय आहे. टेरेसच्या पाइपांना कापडाचे बोळे घालून दोन-तीन बोटं पाणी दिवसभर तुंबवा आणि खालून बघत राहा. स्लॅब जुना असेल, सळ्या दिसत असतील, तर हा प्रयोग मेस्त्रीला विचारूनच करा.

कौलारू भाग असेल तर सुताराला आत घेऊन वासे आणि रिपा टोचून बघायला सांगा. वाळवी लागलेला वासा वरून शाबूत दिसतो आणि खिळा मात्र लोण्यात गेल्यासारखा आत जातो. खानापूरकडं अजून मिरगाच्या (जूनमधल्या मृग नक्षत्राच्या) आधी घर शाकारून घेतात. फुटकी कौलं बदलायला शे-दोनशे कौलं परसात रचून ठेवलेलीही दिसतात. ही सवय सोडू नये. वेळेवर शाकारणी केली तर काही हजारांत भागतं. ती दोन वर्षं राहिली तर वासे कुजतात, आणि मग काम सुताराचं होतं.

दुसरी पायरी: यादीचे तीन भाग करा, आकडे मेस्त्रीकडून घ्या

वहीतल्या नोंदींवर तीनच शिक्के मारा: यंदाच, तीन वर्षांत, कधीतरी. शिक्का मारताना घर कसं दिसतं ते विसरा. पाणी कुठवर पोचलंय ते बघा. स्लॅबच्या खालून पोपडे पडतात आणि आत तांबूस सळी दिसते, ते काम यंदाचं. गंजलेली सळी फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडत जाते, त्यामुळं दरवर्षी खर्च वाढतो. वायरिंगच्या जवळची ओल यंदाचीच. कलती भिंत यंदाची. न्हाणीघरातला ठिबकणारा पाइप तीन वर्षांत. नवी फरशी, नवं किचन प्लॅटफॉर्म, हॉलचं पीओपी हे सगळं कधीतरी. घरातली भांडणं नेमकी या तिसऱ्या भागावरून होतात, पण या हिशेबात त्याला एक रुपयाही धरायचा नाही.

भागाभागानं यादी बदलते. कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस धो धो, तिथं छप्पर पहिलं. बेळगाव शहरातही छप्परच, पण बेळ्ळारी नाल्याच्या बाजूला सखलात घर असेल तर जोत्याची उंची आणि गटाराचा उतारही बघावा लागतो. निपाणी-चिकोडीकडं दूधगंगा-वेदगंगेच्या काठी, रायबाग-अथणीत कृष्णेकाठी पाऊस कमी आणि पूर मोठा. २०१९ च्या ऑगस्टात मातीच्या भिंतींची किती घरं बसली, ते तिकडच्या माणसाला सांगायला नको. अथणीकडं काळी माती आहे. ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि भिंतीला तिरक्या भेगा पडतात. तिथं टेरेसवर खर्च करण्याआधी पायाभोवती पाणी मुरणं थांबवायला हवं.

अंदाज किमान दोन मेस्त्रींकडून घ्या. मला एकाच टेरेसचे ५८ हजार आणि ९६ हजार असे दोन मिळाले होते. फरक कशात आहे ते विचारल्यावर कळलं की दुसरा जुना कोबा फोडून मलबा उचलून नेणार होता आणि पहिला त्याच्यावरच थर चढवणार होता. नुसता आकडा घेऊन उपयोग नाही, कामात काय काय धरलंय ते कागदावर लिहून घ्या.

तिसरी पायरी: लोनचा कागद उघडा

बहुतेकांना हप्ता पाठ असतो, किती महिने उरलेत ते माहीत नसतं. बँकेच्या अॅपवरून किंवा शाखेतून खात्याचा उतारा काढा आणि तीन गोष्टी बघा.

एक, उरलेली मुदत. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर (ज्या दरानं रिझर्व्ह बँक बँकांना पैसे देते तो) ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ झाला. त्या काळात अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली. दहा वर्षं फेडूनही पंधरापेक्षा जास्त उरल्याचं बघून माणसं चरकतात, ते यामुळं. २०२५ मध्ये दर उतरत डिसेंबरात ५.२५ वर आला, तेव्हा तुमच्या खात्यात मुदत घटली की हप्ता, तेही त्याच कागदावर दिसतं. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या नियमाप्रमाणं दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं-थोडं दोन्ही, हे निवडायची मुभा कर्जदाराला द्यावी लागते.

दोन, व्याजदर कशाला जोडलाय. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग (व्याजदर बदलत राहणारी) गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात. त्याआधीचं कर्ज जुन्याच पद्धतीवर असेल तर दर उतरल्याचा फायदा तुमच्यापर्यंत उशिरा आणि अर्धामुर्धा पोचतो. थोडी फी भरून ते बदलून मिळतं. पार्ट पेमेंट (हप्त्याशिवाय जादा रक्कम मुद्दलात भरणं) करायच्या आधी हे करा. खिशातली मोठी रक्कम न घालता अर्धा टक्का वाचत असेल, तर लाख रुपये भरायची घाई कशाला?

तीन, फ्लोटिंग की फिक्स्ड. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडायला बँक दंड लावू शकत नाही. फिक्स्ड असेल तर करार वाचा.

चौथी पायरी: राखलेल्या पैशाची खरी किंमत काढा

लोकांची गफलत इथंच होते, म्हणून जरा सावकाश जाऊ.

समजा १५ लाख बाकी आहेत, १५ वर्षं उरलीत, व्याज साडेआठ टक्के. हप्ता साधारण १४,७७१ रुपये. हातात ३ लाख आहेत. यातले १ लाख भरून हप्ता तोच ठेवला तर कर्ज जवळपास २२ महिने आधी संपतं आणि २ लाख ३० हजारांच्या आसपास व्याज वाचतं. हा आकडा ऐकला की माणूस उरलेले दोन लाखही टाकायला निघतो. पण ते २ लाख ३० हजार वाचतात तेरा वर्षं उलटल्यावर. तेच लाख रुपये एफडीत ठेवले असते तर तेही वाढलेच असते. दरवर्षीचा हिशेब धरला तर पार्ट पेमेंटवर साडेआठ टक्के मिळतात, एफडीवर समजा साडेसहा. म्हणजे लाख रुपये राखून ठेवण्याची किंमत वर्षाला २ हजार. एफडीच्या व्याजावर कर बसत असेल तर आणखी थोडी.

आता दुसरी बाजू. पैसे नसताना गळती आली आणि २ लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढलं, तर हप्ता ६,८३६ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ४६ हजार. तेच दोन लाख तीन वर्षं एफडीत राखून ठेवले असते तर किंमत १२ हजार. सोनेतारण पर्सनल लोनपेक्षा स्वस्त पडतं. टॉप-अप लोन (चालू गृहकर्जावरच वाढवून घेतलेलं कर्ज) आणखी स्वस्त, पण कागदपत्रांत दिवस जातात आणि पाऊस थांबत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे: यादीतलं 'यंदाच' आणि 'तीन वर्षांत'चं काम भागेल एवढे पैसे आधी बाजूला, त्यावरचा प्रत्येक रुपया लोनमध्ये. गेल्या वर्षी आमच्याच कारखान्यातल्या एका पोराला याच ३ लाखांची वाटणी करून दिली होती. टेरेस ७० हजार, यंदाच, मे महिन्याच्या आत. मागच्या खोलीचे वासे ६० हजार आणि न्हाणीघराचे पाइप ४५ हजार, तीन वर्षांत. म्हणजे १ लाख ५ हजार, त्यातले पहिल्या वर्षाचे ३५ हजार आत्ता आणि पुढं महिन्याला ३ हजारांची आरडी. नोकरी थांबली तर तीन हप्ते म्हणून ४५ हजार. वहीत न सापडलेल्या खर्चाला ५० हजार. बेरीज २ लाख. उरलेला १ लाख लोनला. त्याला वाटत होतं मी सगळेच राखायला सांगेन, म्हणून लाख लोनला घालायला सांगितल्यावर तो जरा नाराज झाला. पण काही यादी नसताना, नुसत्या भीतीनं पाच-सहा लाख बचत खात्यात लोळत ठेवणं हीही चूकच. बचत खात्यावर मिळतं अडीच-तीन टक्के, तिथं राखायची किंमत तिप्पट होते.

करसवलतीचं एका वाक्यात: जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्या पद्धतीत राहत्या घराला ती नाही. म्हणून "टॅक्स वाचतो, लोन राहू दे" असं सांगणाऱ्याला आधी तो कुठल्या पद्धतीत आहे ते विचारा.

पाचवी पायरी: पैसे अशा जागी ठेवा की मिरगाआधी हातात येतील

आपल्या भागात तीन सवयी आहेत: पिग्मी, भिशी आणि सोसायटीतली ठेव. पिग्मी रोज थोडं-थोडं बाजूला पडायला उत्तम, दुकानदाराला तर फारच. मुदतीआधी मोडली तर काय कापतात ते एजंटला आधीच विचारून घ्या. भिशी मात्र डागडुजीला नको, आपला नंबर जूनआधीच लागेल याची खात्री नाही. सोसायटीत व्याज एक-दीड टक्का जास्त मिळतं, पण बँकेतल्या ठेवीला दर माणशी, दर बँकेत ५ लाखांपर्यंत जे विमा संरक्षण आहे, ते पतसंस्थांच्या ठेवींना नाही. एका पतसंस्थेत माझ्या मावसभावाचे पैसे ऐन वेळी अडकले. तो रोज जाऊन काउंटरसमोर बसायचा, आणि घरी ताडपत्री. घर गळण्याच्या दिवसासाठी ठेवलेल्या पैशावर जास्तीचं व्याज शोधू नये.

मी एफडीच्या तीन वेगवेगळ्या पावत्या करतो, सगळ्या मार्च-एप्रिलमध्ये मुदत संपेल अशा. पन्नास हजारांची गरज पडली तर एकच मोडते.

ज्यांना बँक ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज देत असेल त्यांचं काम सोपं होतं. जादा पैसे त्याच खात्यात टाकायचे, तेवढ्या रकमेवर व्याज थांबतं आणि लागले की परत काढता येतात. दर किंचित जास्त असतो. शिस्त असेल तर घ्या. नसेल तर ते पैसे नव्या मोटरसायकलवर बसून जातात, हे मी टेबलावरून बघितलंय.

आणि विमा. बँकेनं कर्जाबरोबर दिलेली पॉलिसी उघडून बघा, पुष्कळदा ती कर्जदाराच्या आयुष्याची असते, घराची नसते. एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारख्या अटींची घराची पॉलिसी आहे. तिच्यात आग, पूर, वादळ येतं. नदीकाठच्यांनी ती घ्यावीच. हळूहळू झिरपणारी गळती आणि जुनेपणानं झालेली झीज मात्र विम्यात बसत नाही, ती वहीतल्या पैशातूनच भागवायची.

सहावी पायरी: पार्ट पेमेंट करताना दोन ओळी लिहून द्या

माझ्या दीड लाखांचं आणखी एक दुखणं नंतर कळलं. मी काहीच न सांगता पैसे भरले, शाखेनं मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून टाकला. वरच्या उदाहरणात लाख भरून हप्ता कमी केला तर तो फक्त ९८५ रुपयांनी उतरतो आणि वाचणारं व्याज ७७ हजारांवर येतं. मुदत घटवली असती तर २ लाख ३० हजार. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: "ही रक्कम मुद्दलात जमा करावी. हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी." पोच घ्या. आठवड्यानं हप्त्यांचं नवं वेळापत्रक मागा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख खरोखर अलीकडं आली का ते बघा. अॅपवरून भरत असाल तर हा पर्याय कुठं विचारतात ते आधी शोधा.

ज्याचं उत्पन्न डगमगतं, जसं वडगावच्या विणकराचं किंवा हंगामी ठेकेदाराचं, त्यानं हप्ता कमी करून घेतला तर मी हरकत घेत नाही. फक्त ते ९८५ रुपये दर महिन्याला डागडुजीच्या आरडीत गेले पाहिजेत.

उलट निर्णय कधी योग्य

नव्या इमारतीत मधल्या मजल्यावर फ्लॅट आहे, टेरेसचा खर्च सगळ्यांत वाटून जातो, गळती वहीत नाही. अशा घरी तीन-चार हप्ते आणि ४०-५० हजार राखून बाकी सगळं लोनला जाऊ दे. नुकतंच घर उतरवून नव्यानं बांधलंय, तिथंही तेच. निवृत्तीला पाच वर्षं उरलीत आणि कर्ज त्यापुढं जातंय, तर 'कधीतरी'ची यादी फाडून टाका आणि कर्ज आटपा. पण ट्यूबलाइटमधून पाणी येत असेल तर आधी टेरेसच.

घर अजून भावांच्या सामाईक नावावर असेल, तर स्वतःच्या पैशानं छप्पर बदलण्याआधी भावाशी बोलून कागदावर लिहून घ्या. नाहीतर वाटणीच्या दिवशी नव्या छपराची किंमत कुणी धरत नाही.

कर्ज संपल्यावर

शेवटचा हप्ता गेला की पेढे वाटून माणूस गप्प बसतो. तसं करू नका. डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणं पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत बँकेनं घराचे मूळ कागद परत द्यायचे असतात आणि तारणाची नोंद उतरवायची असते. उशीर बँकेमुळं झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे. कर्ज घेताना बँकेनं दिलेली कागदांची यादी सोबत न्या, काउंटरवरच एक-एक कागद टिकमार्क करत मोजा आणि मगच सही करा.

त्यानंतर घराच्या सरकारी उताऱ्यावरचा बोजा (कर्जाची नोंद) कमी झाला का ते बघा आणि 'कावेरी' या कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या साइटवरून ईसी (मालमत्तेवर बोजा आहे का ते दाखवणारा दाखला) काढा. दोन्ही कन्नडमध्ये असतात. घरात वाचणारं कुणी नसेल तर शाळेत जाणारं पोर सोबत घ्या, त्याला कन्नड येतंच. माझ्या उताऱ्यावर बोजा तसाच होता आणि तो माझ्या मुलीनं दाखवला, मी नुसता सर्व्हे नंबर जुळतोय म्हणून खूश होतो. पुन्हा अर्ज, पुन्हा पोच, आणि पंधरा दिवसांनी नवा उतारा. तो आता त्या शंभर पानी वहीच्या पुठ्ठ्यात ठेवलाय, यंदाच्या जुलैच्या पानांमागं.